जुनी गाणी, नव्या तबकड्या

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला एक विषय दिला. कुणाला शेती, कुणाला आरोग्य, कुणाला निवृत्तीनंतरचे नियोजन. मला म्हणाले, "तू तुझ्या त्या सीड्यांवर बोल. इंग्रजी गाण्यांचं कपाट भरून ठेवलंयस, ते कशासाठी, ते एकदा सगळ्यांना कळू दे." हा प्रश्न आमच्या घरातही पंचवीस वर्षांपासून विचारला जातो. तेव्हा आज उत्तर देऊनच टाकतो.

माझ्याकडे साधारण साडेसहाशे सीड्या आहेत. बहुतेक अमेरिकन संगीताच्या : सोल, फंक, रॉक आणि कंट्री. त्यातल्याही बहुतेक पुनर्प्रकाशित, म्हणजे मुळात १९५५ ते १९८० च्या दरम्यान एलपीवर निघालेल्या आणि नंतर कुणीतरी जुनी फीत शोधून, स्वच्छ करून सीडीवर आणलेल्या. आपल्या लहानपणी नांदेडात हे संगीत कुठे होतं? वजिराबादेत कॅसेट भरून देणारी दुकानं होती. गाण्यांची यादी द्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं आणि आठ दिवसांनी न्यायला जायचं. माझे एक मामा सिकंदराबादला रेल्वेत होते. त्यांच्याकडून एका सुट्टीत एक कॅसेट आली. वर नाव नाही, गाव नाही. आत एक बाई अशा काही गात होत्या की आमच्या आजीनं माजघरातून विचारलं, "कीर्तन कुठलं लागलंय रे?"

पुढे बँकेची नोकरी लागली. लातूरला अकरा वर्षं काढली, मध्ये मुंबईला बदली झाली. तिथं काळा घोड्याजवळचं ऱ्हिदम हाऊस सापडलं. हे दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. तिथं मला कळलं की त्या बाई म्हणजे अरेथा फ्रँकलिन, आणि आजीचा अंदाज बरोबर होता. अरेथाचे वडील चर्चमध्ये प्रवचन करणारे. ती तिथंच गाणं शिकली. १९७२ च्या जानेवारीत, १३ आणि १४ तारखेला, लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये भक्तांसमोर बसून तिनं जे गायलं त्याचा 'अमेझिंग ग्रेस' हा अल्बम झाला. एलपीवर जागा कमी, त्यामुळे कापाकापी झाली होती. १९९९ साली दोन सीड्यांवर त्या दोन्ही रात्रींचं पूर्ण गाणं आलं. कीर्तनात पूर्वरंग गाळला आणि थेट आख्यान ऐकलं तर जे हुकतं, ते तिथं परत मिळालं. पुनर्प्रकाशन म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

आता थोडी तांत्रिक माहिती, कारण आपले विज्ञानाचे सर समोर आहेत. सीडी बाजारात आली १९८२ साली, जपानमध्ये. बारा सेंटिमीटरची चकती, साधारण ७४ मिनिटं गाणं. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणून कधीकधी दोन जुने एलपी एका सीडीवर बसतात. आमच्यासारख्या पगारदार माणसाला हा मोठा आधार. तेव्हा परदेशी सीडीला पाच-साडेपाचशे रुपये पडत. जुन्या सीडीच्या मागे पाहा, कधीकधी तीन अक्षरं दिसतील : एएडी किंवा एडीडी. पहिलं अक्षर ध्वनिमुद्रण कसं झालं ते सांगतं, दुसरं मिश्रण, तिसरं शेवटची प्रत. ए म्हणजे फितीवर, डी म्हणजे डिजिटल.

नवं पुनर्प्रकाशन नेहमी चांगलंच असतं असं नाही. १९९० नंतर कंपन्यांना गाणं जास्तीत जास्त मोठ्यानं वाजवायची सवय लागली. हळू आवाज वर ओढायचा, मोठा आवाज दाबायचा, म्हणजे सगळं एका पातळीवर. आपल्याकडे तानपुरा आणि तबला सारख्याच आवाजात ऐकवला तर गाणं राहील का? म्हणून एकाच अल्बमच्या दोन-तीन आवृत्त्या मी घेतो. घरी त्याला वेड म्हणतात. मी त्याला पाठभेद पाहणं म्हणतो. मराठीच्या बाईंनी ज्ञानेश्वरी शिकवताना हा शब्द आपल्याला दिला होता.

तुम्ही म्हणाल, आपला आणि त्या संगीताचा काय संबंध? दोन उदाहरणं देतो.

पहिलं कापसाचं. आपण नांदेडची पोरं. नांदेड-४४ हे वाण कुठून आलं ते आपल्याला माहीत आहे. उस्मानशाही मिल आपल्या बोलण्यात होती, आणि दिवाळीच्या सुट्टीत आपल्यातल्या निम्म्यांनी कापूस वेचलेला आहे. चार्ली प्राइड नावाचा गायक १९३४ साली मिसिसिपी राज्यातल्या स्लेज या छोट्या गावी जन्मला. घरची माणसं दुसऱ्याच्या रानात वाट्यानं राबणारी, आणि पोरं कापूस वेचणारी. हा काळा माणूस कंट्री गायला लागला. कंट्री हे तोवर गोऱ्यांचं संगीत समजलं जाई. १९६६ मध्ये त्याच्या पहिल्या तबकड्या रेडिओवाल्यांकडे गेल्या तेव्हा सोबत त्याचा फोटो पाठवला नव्हता. आधी आवाज ऐकू द्या, रंग नंतर कळेल, असा हिशोब. पुढे तो त्या संगीतातला सर्वांत मोठ्या गायकांपैकी एक झाला. त्याच्या आधी, १९६२ साली, रे चार्ल्सनं उलट्या बाजूनं तीच भिंत पाडली होती. सोल गाणाऱ्या या माणसानं कंट्रीची गाणी घेऊन अख्खा अल्बम केला. हे दोन्ही माझ्या कपाटात शेजारी शेजारी ठेवलेले आहेत.

दुसरं उदाहरण समेचं. जेम्स ब्राऊन आपल्या वादकांना सांगे, काहीही वाजवा, पण 'एक'वर सगळे एकत्र या. पहिल्या मात्रेवर जोर. फंक उभं आहे ते याच्यावर. हे मी आपल्या तबलजीला ऐकवलं, तेव्हा तो मांडीवर हात मारून म्हणाला, "अरे, हा तर समेवर येतोय!" ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' या १९७० च्या तबकडीत क्लाइड स्टबलफील्ड या ड्रमवाल्यानं काही सेकंद एकट्यानं ठेका धरला आहे. तो ठेका उचलून पुढे शेकडो गाणी झाली. गाणी करणाऱ्यांनी पैसे कमावले, पण त्या ठेक्याच्या हक्काचे पैसे त्याच्या हाती पडले नाहीत. गाण्यावर नाव ब्राऊनचं होतं, आणि वाजवणाऱ्याचा कागदावर हक्क नव्हता.

याच जेम्स ब्राऊननं १९६८ साली 'मी काळा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे' अशा अर्थाचं गाणं केलं. ते मी लातूरला असताना आपल्या वर्गातल्याच एका मित्राला ऐकवलं. त्याचे वडील भीमगीतं गायचे, जयंतीला रात्र रात्र. त्यानं शब्द विचारले नाहीत. म्हणाला, "हे पुढचा म्हणतो अन् मागचे उचलतात ना, हे आमच्या घरचं आहे." १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. आपल्या मराठवाड्यात नामांतराचा लढा १९९४ पर्यंत चालला. गाण्यानं माणूस ताठ उभा राहतो, हे त्या मित्राला माझ्यापेक्षा कितीतरी आधी माहीत होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरा उभा आहे तिच्याकडे येतो.

अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस नावाचं शहर आहे. तिथं १९७० च्या सुमारास बिल मॉस या रेडिओवरच्या माणसानं कॅपसोल नावाची छोटी कंपनी काढली. गावातली पोरं गायची, हा तबकड्या काढायचा. थोड्या वर्षांत कंपनी बुडाली आणि गाणी विसरली गेली. २००४ साली शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या नव्या कंपनीनं आपली पहिलीच सीडी काढली ती या कॅपसोलच्या गाण्यांची. सोबत पुस्तिका : कोण गायलं, कोण वाजवत होतं, पुढे त्यांचं काय झालं. डेट्रॉइटच्या रॉड्रिगेझचं तसंच. त्याचा १९७० चा 'कोल्ड फॅक्ट' अमेरिकेत कुणी घेतला नाही. तो जुनी घरं पाडण्याच्या कामावर जाऊ लागला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घरोघरी होती आणि त्याला पत्ताच नव्हता. १९९८ साली तो तिथं गायला गेला, २००८ मध्ये अमेरिकेत त्याचा अल्बम पुन्हा निघाला, आणि त्याच्यावरच्या माहितीपटाला २०१३ साली ऑस्कर मिळालं.

आपल्याकडचंही सांगतो. मुंबईत वाढलेल्या आशा पुथली शास्त्रीय गाणं शिकल्या, अमेरिकेत गेल्या, ऑर्नेट कोलमन या मोठ्या जॅझ वादकाबरोबर गायल्या आणि १९७० च्या दशकात सोल-फंकचे अल्बम केले. मुंबईच्याच अॅटॉमिक फॉरेस्ट या बँडची गाणी २०११ साली पुन्हा निघाली, पण ती काढली अमेरिकेतल्या कंपनीनं. आपली गाणी शोधायला सातासमुद्रापलीकडची माणसं आली, तेव्हा ती वाचली.

मग नांदेड-लातूरच्या गाण्यांना कोण येणार? वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांची गाणी आज मिळतात. पण गावातल्या जयंतीला गाणारे आपल्या मित्राचे वडील? माळेगावच्या यात्रेत कुणीतरी टेपवर घेतलेली लावणी? पंगतीनंतरची भजनं, वासुदेव, गोंधळ, भारूड? ही गाणी कुठल्याही कंपनीच्या यादीत नाहीत. ती आपल्या घरी लोखंडी कपाटात, बॅटरीच्या खोक्यात, माळ्यावर आहेत. आपला उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. फीत चिकटते, पट्टी सुटते, बुरशी धरते. २००८ साली हॉलिवूडजवळ एका गोदामाला आग लागली आणि मोठमोठ्या गायकांच्या मूळ फिती गेल्या. आपल्याकडे आगीचीही गरज नाही. घराला रंग द्यायला काढला की खोका भंगारात जातो.

गेल्या दिवाळीत आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं मला एक कॅसेट दिली : १९८४ चं गॅदरिंग. सुरुवातीची अकरा मिनिटं गेली आहेत, तिथं नुसती खरखर आहे. पुढचं मी आणि पुण्याच्या एका ओळखीच्या ध्वनिमुद्रकानं मिळून स्वच्छ केलं. फीत दुसऱ्या खोक्यात बसवली, डेकचं डोकं साफ केलं, सावकाश एकदाच वाजवली आणि उतरवून घेतली. खरखर पूर्ण काढली नाही. ती काढायला गेलं की हार्मोनियमचा भाताही जातो. त्यात आपल्या संगीताच्या बाई पेटीवर आहेत. मागून कुणीतरी "माईक, माईक" ओरडतो, ते बहुतेक पीटीचे सर आहेत. आणि तबल्यावर आपला तबलजी आहे.

तो २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला, हे आपल्याला माहीत आहे. त्याची मुलगी आज इथं आली आहे. तिच्याकडे त्याचे फोटो खूप होते, मोबाइलवरचे दोन व्हिडिओ होते, पण तबल्याचं काहीच नव्हतं. नोकरी लागल्यावर त्यानं वाजवणं सोडलं होतं, त्यामुळे तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं. महिन्यापूर्वी मी तिला तो भाग पाठवला. तिचा फोन आला. म्हणाली, "काका, बाबा इतकं हसायचे का हो वाजवताना?" कारण त्या फितीत तुकडा संपवून समेवर आला की तो हसतो, आणि ते माइकमध्ये आलंय.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेटी आहेत त्यांनी त्या टाकू नका, आणि घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर घालूनही पाहू नका, फीत गुंडाळली जाते. आमच्याकडे आणा. आम्ही तिघं आहोत, दोन चांगले डेक आहेत, जागा शाळेनं द्यायचं कबूल केलं आहे. कॅसेटसोबत एक कागद आणा : गाणारा कोण, साथीला कोण, गाव, साल. माहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. कॅसेट तुमची तुम्हाला परत मिळेल. गाणाऱ्याची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी असल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही, आणि जे जाईल त्यावर ढोलकीवाल्यापासून टाळ धरणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं असतील.

माझ्या साडेसहाशे सीड्या मी शाळेच्या वाचनालयाला देतोय, एका प्लेयरसकट. पोरांनी शनिवारी तासभर ऐकाव्यात. कपाटाचा खालचा कप्पा मात्र रिकामा ठेवायला सांगितला आहे. तो आपल्या नांदेड-लातूरच्या गाण्यांचा.

दुपारच्या जेवणानंतर वरच्या हॉलमध्ये गॅदरिंगची फीत ऐकवणार आहे. सदतीस मिनिटांची आहे. बाईंना पुढची खुर्ची ठेवली आहे. सगळ्यांनी यावं.