बेंबीवरची टेप



गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाचा मुलगा घरी आला होता. वय ३४, हिंजवडीला नोकरी. चहा झाल्यावर त्यानं खिशातून घडी केलेला रिपोर्ट काढला. म्हणाला, ‘काका, तुम्ही यातून गेलायत, म्हणून आधी तुम्हाला दाखवतो.’ उपाशीपोटीची साखर १४८. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ७.४. मधुमेहाची रेषा उपाशीपोटी १२६ला आणि सरासरीत ६.५ला आहे. दोन्ही रेषा ओलांडल्या गेल्या होत्या. मी कागद वाचत होतो आणि तो माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. शेवटी म्हणाला, ‘पण काका, मी जाड कुठे आहे?’

हाच प्रश्न मी २०१५ साली विचारला होता. फलटणला मी हायस्कुलात गणित शिकवत होतो. शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं, त्यात माझी साखर निघाली. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६९ किलो. हातपाय काटकुळे. तिथं मला सांगितलं गेलं, ‘थोडी शुगर आहे, गोड टाळा, ही गोळी घ्या.’ मी चहातली साखर सोडली, गोळी सुरू केली आणि जे होतं ते चालू ठेवलं. तीन भाकऱ्या, वर भात, दुपारी झोप. सरासरी ७.६ झाली, मग ७.९, मग ८.३. दुसरी गोळी आली. अशी चार वर्षं गेली. आज मी या माइकसमोर बसलोय तो त्या चार वर्षांमुळे. ती माझ्या हातून गेली. ज्याचं निदान काल-परवा झालंय त्याच्या हातून जाऊ नयेत, एवढ्यासाठी.

२०१९मध्ये एका डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलंच नाही. शर्ट वर करायला सांगितला, श्वास सहज सोडायला सांगितला आणि बेंबीवरून टेप फिरवली. ९७ सेंटिमीटर. भारतीय पुरुषाला ९०च्या आत हवं आणि बाईला ८०च्या आत. मी म्हणालो, ‘माझी पँट तर ३४ची आहे.’ ते म्हणाले, ‘पँट तुम्ही पोटाखाली बांधता, सर.’ आपल्यातले निम्मे पुरुष तसंच बांधतात. पँटचा नंबर वीस वर्षं तोच राहतो आणि त्याच्या वर पोट सुटत जातं.

यामागचं संशोधन आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ हडकुळं. पण चरबी मोजली तर वजनाच्या मानानं चांगलीच टिकून, आणि कमी काय तर स्नायू. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. आणि अंगातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. माझा पुतण्या जो प्रश्न विचारत होता त्याचं उत्तर त्या एका फोटोत आहे. म्हणून तर बीएमआय २३ झाला की आपल्याकडे वजन जास्त धरतात, गोऱ्यांकडे तो आकडा २५ आहे.

आता ही चरबी करते काय? मला सगळ्यात जास्त छळणारं कोडं होतं सकाळच्या साखरेचं. रात्री साडेआठला जेवलो, मधे पाणी सोडून काही नाही, तरी सकाळी १६०. आली कुठून? तर यकृतातून. आपण झोपलेले असताना मेंदूला आणि शरीराला साखर पुरवत राहायचं काम यकृताचं. ‘आता पुरे’ हे त्याला इन्शुलिन सांगतं. पण यकृतात चरबी साठली की त्याला ते ऐकू येईनासं होतं आणि ते रात्रभर साखर सोडत राहतं. तीच जादा चरबी पुढे रक्तातून स्वादुपिंडात जाऊन बसते आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. इंग्लंडात न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी ही मांडणी २००८मध्ये केली आणि २०११मध्ये तपासून दाखवली. ११ मधुमेही माणसं, आठ आठवडे अगदी थोडा आहार. पहिल्या सात दिवसांतच त्यांची उपाशीपोटीची साखर जागेवर आली, कारण चरबी आधी यकृतातून उतरते. स्वादुपिंडाला सावरायला मात्र पुढचे आठवडे लागले.

मग टेलर आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांनी मोठी चाचणी घेतली, ‘डायरेक्ट’ नावाची. त्यात घेतलेल्यांचं निदान सहा वर्षांच्या आतलं होतं. तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरी, त्याही सूप आणि शेकच्या रूपात, आणि नंतर हळूहळू साधं जेवण. वर्षानंतर ४६ टक्के लोकांना गोळ्यांशिवाय मधुमेहातून उतार पडला होता. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त घटवले त्यांच्यात ८६ टक्क्यांना. दुसऱ्या वर्षाअखेर हे एकंदर प्रमाण ३६ टक्के झालं, कारण वजन परत आलं की साखरही परत येते. मी ‘उतार’ म्हणतोय, ‘बरा झाला’ म्हणत नाही. गोळी सोडून तीन महिने झाले तरी सरासरी ६.५च्या खाली असेल तर त्याला रेमिशन म्हणायचं, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्यासारख्या काटकुळ्यांचं काय? तेही टेलर यांनी तपासलं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० जण होते, बीएमआय २७च्या आतले. त्यांतल्या १४ जणांना उतार पडला, तोही वजनाच्या सहा-सात टक्के घटवून. म्हणजे ६९ किलोच्या माणसाला चार-पाच किलो. चरबी कुठवर सोसायची याची प्रत्येक शरीराची मर्यादा वेगळी असते, असं ते म्हणतात, आणि आपली फार लवकर ओलांडली जाते.

सूप-शेकचा मार्ग डॉक्टरांच्या नजरेखालचा आहे, घरी मनानं करायचा नाही. मी धिम्या वाटेनं गेलो. ग्लुकोमीटर आणला आणि एक वही घातली. खाण्याआधी एकदा बोट टोचायचं, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. प्लेटभर पोहे आणि चहा: आधी ११८, नंतर २२१. हा आकडा मी बराच वेळ बघत बसलो. पोह्यांनी माझं कधी काही वाईट केलं असेल असं मनातही आलं नव्हतं. चार दिवसांनी आधी काकडी, मग वाटीभर मटकीची उसळ, आणि मग अर्धी प्लेट पोहे: १६४. पोहे तेच, घर तेच. मी तीस वर्षं मुलांना सांगितलं होतं की पायऱ्या चुकल्या की उत्तर चुकतं. ताटातही पायऱ्या असतात हे मला ५३व्या वर्षी कळलं. कोशिंबीर आणि उसळ किंवा अंडं आधी, भाकरी मग, भात शेवटी आणि तोही थोडा.

ज्वारीची भाकरी कितीही चालते, असं आपल्याकडे सगळे सांगतात. नाही चालत. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतात. गव्हापेक्षा ती बरी असेल, पण मोजूनच. गुळाचंही तेच, गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. आमच्या घरी भाकरीचा तोडगा पत्नीनं काढला. ताटात एकच भाकरी दिसली की माझा चेहरा पडायचा. तिनं पिठाचा काटा आणला, पूर्वीच्या भाकरीचं पीठ तोललं, ते ८० ग्रॅम भरलं. मग गोळा निम्मा करून दोन लहान भाकऱ्या थापल्या. ‘अहो, दोन वाढल्यात,’ म्हणाली. तिच्या हाताची बोटं परातीत त्या लहान गोळ्यावर कशी फिरत होती ते मला अजून दिसतं. चाळीस वर्षांची सवय मोडून तिनं हात आखडला होता, माझ्यासाठी. घरात एकाला साखर निघते तेव्हा पथ्य स्वयंपाकघरालाच लागतं, आणि ते बहुतेक घरांत बाईच निभावते. पुरुष श्रोत्यांना माझी विनंती आहे, काटा आणि चमचा निदान स्वतः हातात घ्या.

तेलाचं गणित मी केलं. आम्ही दोघं, महिन्याला अडीच किलो तेल. ते सव्वा किलोवर आणलं. एका ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर माणशी रोज जवळपास १९० कॅलरी वाचल्या, ताटातला एकही पदार्थ न सोडता. आमच्या सातारा भागात भाजीत कूट सढळ पडतं. तेही चमच्यानं मोजायला लागलो.

पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरले. मग काटा ६५वर अडला तो सात आठवडे. या टप्प्यावर माणूस सोडून देतो. मी टेपमुळे टिकलो. वजन हलत नव्हतं, पण घेर ९२, मग ९१ असा खाली सरकत होता. त्याच दिवसांत डॉक्टरांनी बैठका सुरू करायला लावल्या, खुर्चीचा आधार घेऊन दहा-दहाच्या तीन. जेवणातली साखर सामावून घेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि नुसतं खाणं तोडून वजन घटवलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. हल्ली आठवड्याला एक टोचायची वजनाची इंजेक्शनं आली आहेत. ती कामाची आहेत, डॉक्टर सांगतील त्यांनी घ्यावीत. पण बैठका आणि उसळ-अंडी त्यांनाही चुकत नाहीत.

आणि जेवणानंतरचं चालणं. पहाटे तासभर चालून दिवसभर बसून राहणारे खूप आहेत, मीही तसाच. त्यात भर घाला: दोन्ही जेवणांनंतर १५ मिनिटं गल्लीत. स्नायू हलत असतात तेव्हा इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. माझ्या वहीत याच एका गोष्टीनं रात्रीचा आकडा तीसेक अंकांनी खाली आला.

उपासाबद्दल बोलायलाच हवं. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. खिचडीच्या बशीनं माझी साखर पोह्यांनाही मागे टाकते. पण याहून धोका उलटा आहे. ज्ञानोबांची पालखी आमच्या फलटणला मुक्कामाला येते. एका वर्षी तरडगावाहून चालत आलेले एक आजोबा रस्त्याकडेला बसले, घामानं चिंब, हात थरथरत होते. सकाळी गोळी घेतली होती, पोटात काही नव्हतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल आणि खाणं तोडलं तर साखर ७०च्या खाली घसरू शकते. शुद्धीवर असेल त्याला तीन चमचे साखर पाण्यात द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. आजोबा सावरले. आहार कमी करायच्या आधी डॉक्टरांकडून गोळ्यांचा डोस ठरवून घ्या, हे मी हात जोडून सांगतो. डोळ्यांची, लघवीतल्या प्रथिनांची आणि पायांची तपासणी वर्षातून एकदा करा. माझ्या आईच्या चपलेत खिळा वर आला होता आणि तिला तो कळलाच नाही. तिचा अंगठा काढावा लागला.

माझं आजचं वजन ६१, घेर ८७, सरासरी ६.२. एक गोळी मात्र अजून आहे. दोनदा सोडून पाहिली, डॉक्टरांच्या देखरेखीत; साखर चढली. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी जितकी वर्षं दमतात तितक्या त्या परत उभ्या राहायला कचरतात. लवकर आवरलेल्या साखरेचं फळ किती दूरवर पोहोचतं हे ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलंय. १९७७मध्ये तो सुरू झाला, नव्यानं निदान झालेले ५,१०२ रुग्ण. सुरुवातीच्या वर्षांत ज्यांची साखर काटेकोर ठेवली, त्यांना चाचणी संपून दहा वर्षांनीही डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांचा त्रास कमी होता, मधल्या काळात दोन्ही गटांची साखर सारखी झालेली असूनही.

त्या दिवशी पुतण्याला मी शर्ट वर करायला लावला. ‘काका, राहू द्या ना,’ म्हणाला, लाजला. टेप फिरवली, ९८. कागदावर तारीख आणि आकडा त्यानंच लिहिला. निरोप घेताना त्याच्या आईनं दिलेला लाडवांचा डबा त्यानं गाडीतून काढून आमच्या ओट्यावर ठेवला.

काल रात्री नऊ वाजता त्याचा फोन आला. बोलताना दम लागत होता आणि मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मी विचारलं, ‘कुठे आहेस रे?’ म्हणाला, ‘खाली रस्त्यावर. जेवण झालंय, अजून सहा मिनिटं राहिलीत.’