कोच्चुपुस्तकं कुणी जपायची?



आजचा विषय ऐकून काहीजणी गालात हसताहेत. हसा, पण विषय टाळू नका.

मल्याळममध्ये 'कोच्चुपुस्तकम्' म्हणजे छोटं पुस्तक. खरा अर्थ, मासिकांच्या ढिगाखालून हळूच काढून दिलं जाणारं चावट पुस्तक. आपल्याकडच्या पिवळ्या पुस्तकांचं भावंडच. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची असते. टोपणनावाने लिहिलेली ही पुस्तकं तिथे कोण पाठवणार? ती जपली वाचकांनीच. आधी रोमन लिपीत टाइप करून, मग युनिकोडमध्ये, मग स्कॅन करून पीडीएफ. आता फोनवरून फोनवर. एक जागा बंद पडली की दुसरीकडे नक्कल तयार! 2009 मध्ये 'सविता भाभी'वर सरकारने बंदी घातली, तेव्हाही हेच झालं.

या गोष्टींत नायिका कोण? चेच्ची, म्हणजे ताई. अम्मायी, म्हणजे मामी. शिक्षिका. घरकाम करणारी बाई. आदराने हाक मारायची तीच नाती. आणि तिचा 'नाही' दोन पानांत 'हो' होतो. घरकामगार बायकांच्या तक्रारी ज्यांनी ऐकल्यात त्यांना हा 'नाही' ठाऊक आहे.

तरीही सगळं जाळून टाका, असं मी म्हणणार नाही. पोस्टरांना काळं फासण्याच्या काळात आपण तेच म्हणायचो, आणि शेजारी संस्कृतिरक्षक उभे असायचे. 1972 मध्ये माधविकुट्टी, म्हणजे कमला दास, यांची 'एन्टे कथा' मल्याळी साप्ताहिकात क्रमशः आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. बाईने आपल्या इच्छेबद्दल स्वतःच्या नावाने लिहिलं की अब्रू जाते. पुरुषाने टोपणनावाने तिच्यावर लिहिलं की टाइमपास! (त्यांचं निधन 2009 मध्ये आपल्या पुण्यात झालं, हे किती जणींना माहीत आहे?)

जुनी छापील पुस्तकं एखाद्या ग्रंथालयाने बंद कपाटात, अभ्यासासाठी जरूर ठेवावीत. पुरुषांनी आपल्याबद्दल काय स्वप्नं रंगवली याचा तो दस्तऐवज आहे. पण शेजारणीचं, सहकारी बाईचं खरं नाव-गाव घालून, कधी फोटो चिकटवून लिहिलेली गोष्ट ही 'साहित्य' म्हणून जपायची वस्तू नव्हे. आणि नेमकी तीच पुसता येत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 विचारतं, वाचणाऱ्याचं मन बिघडतं का? जिचं नाव त्यात आहे तिची संमती होती का, हे ते कलम विचारत नाही. आपली मागणी या दुसऱ्या प्रश्नाची असायला हवी.

तोवर अशी बाई केंद्रावर आली तर घाईने मजकूर काढायला लावू नका. आधी पानाचा पूर्ण पत्ता, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट नोंदवून घ्या, मग सायबर पोलिसांकडे जा. आणि नकला आणखी कुठे आहेत हे शोधायचं काम तिच्यावर टाकू नका. ते आपल्यातल्या दोघीजणी बसून करू शकतात.