मेळघाटांत आठ दिवस

वऱ्हाडच्या सपाट काळ्या मातींतून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे क्षितिजावर एक निळसर रेघ दिसते. ती गाविलगडच्या डोंगरांची. सातपुड्याचीच ही एक ओळ. तिच्या पायथ्याच्या एका शाळेंत मीं तीस वर्षें शिकविलें. परंतु डोंगर चढून आंत आठ दिवस राहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर, गेल्या फाल्गुनांत आला. चिखलदरा आणि गाविलगडचा किल्ला मुलांना घेऊन मीं अनेकदां पाहिला होता. तो किल्ला १८०३ सालीं इंग्रजांनीं घेतला, हें मुलांकडून पाठ करून घेतांना त्या डोंगरांत राहतें कोण, हें मात्र मीं कधीं विचारलें नव्हतें.

परतवाड्याहून घटांगवरून सेमाडोहकडे मोटार वळणें घेत निघाली. फाल्गुनांत सागाचीं पानें गळून डोंगराच्या बरगड्या दिसूं लागतात, आणि त्या उघड्या रानांत पळस तेवढा फुललेला. मोहाचीं फुलें पहाटे गळतात. उजाडण्यापूर्वींच बायामुलें टोपल्या घेऊन झाडाखालीं हजर. दुपारीं तीं फुलें अंगणांत वाळूं लागलीं कीं साऱ्या गांवाला गोड, किंचित् आंबूस वास येतो. ह्या रानांत १९७४ सालापासून व्याघ्रप्रकल्प आहे. मला वाघ दिसला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर त्याची खंतहि वाटली नाहीं.

सिपना नदीकांठच्या एका गांवीं मी उतरलों. कोरकूंचें गांव त्याच्या रचनेवरून ओळखूं येतें : सरळ रस्ता, दोन्ही अंगांस समोरासमोर घरें, बांबूच्या भिंती शेणमातीनें सारवलेल्या. मृतांच्या स्मरणार्थ हे लोक सागवानी लांकडाचे कोरीव खांब पुरतात; त्यांवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार.

त्या घरची सातआठ वर्षांची मुलगी माझी शिक्षिका झाली. पाण्याला 'डा', वाघाला 'कुला'. हे शब्द मराठीचे नव्हेत, शेजारच्या गोंडीचेहि नव्हेत. कोरकू ही मुंडा कुळांतील भाषा. तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी ह्या शेंकडों मैल पूर्वेस, झारखंडाच्या बाजूला बोलल्या जातात. कोरकू तेवढी पश्चिमेस एकटी राहिली. २०११ च्या शिरगणतींत ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे सात लक्षांहून अधिक निघाले. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे नुसतीं 'माणसें'!

संध्याकाळीं तिनें मला दहा शब्द शिकविले. सकाळीं परीक्षा घेतली. मला तीन आले, त्यांतल्याहि एकाचा उच्चार चुकला. ती खुदकन् हंसली आणि आईला कांहीं म्हणाली. मीं अर्थ विचारला. आई संकोचली, मग म्हणाली, "ती म्हणते, ह्या आजोबांना कांहींच येत नाहीं."

मीहि हंसलों, पण त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. वीसेक वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत डोंगरांतून आलेला एक मुलगा होता. तो शेवटच्या बांकावर बसे. प्रश्न विचारला कीं उभा राही आणि पायांकडे पाही. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत 'बुद्धि मंद' असा शेरा लिहिला. पुढल्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. पाण्याला तुझ्या घरीं काय म्हणतात, एवढेंहि मीं त्याला विचारलें नव्हतें. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत घेण्याची सोय असावी, असें आपल्या राज्यघटनेंत १९५६ सालींच लिहिलें गेलें. मी नागरिकशास्त्र शिकवीत होतों; तें कलम वर्गांत वाचूनहि दाखविलें असेल.

होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. परततांना बायामुलींनीं वाटेंत मोटार अडवून फगवा मागितला. त्या दिवसांत जाणारांनीं खिशांत सुटे पैसे ठेवावे. निघण्यापूर्वीं माझी पुन्हां परीक्षा झाली. दहांपैकीं सहा शब्द बरोबर आले. उरलेले चार ती पुढच्या वर्षीं विचारणार आहे.