तीर्थवंदनेची चढण आणि हृदयाची गती
(व्याख्यानाचा मजकूर)



जैन समाजाची अनेक वंदनीय तीर्थे पर्वतशिखरांवर वसलेली आहेत. शत्रुंजयाच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या, गिरनारच्या सुमारे दहा हजार, तर सम्मेदशिखरजीची वंदना सुमारे २७ किलोमीटरची. वर्षभर दुकानाच्या गादीवर बसलेला देह एका पहाटे अशा चढणीस लागतो, तेव्हा हृदयाला मोठे श्रम पडतात. त्या श्रमांची वार्ता नाडी देत असते.

विश्रांतीत प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. चढताना स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो, म्हणून ती वाढते. २२० मधून वय वजा केले असता कमाल गतीचा स्थूल अंदाज येतो. साठ वर्षांच्या गृहस्थास तो १६० येईल. हा केवळ सरासरीचा हिशेब आहे; निरोगी माणसांतही दहा-बारा ठोक्यांचे अंतर आढळते.

चाल तीच असूनही तासाभराने नाडी वाढलेली दिसते. घामाने शरीरातील पाणी घटते, प्रत्येक ठोक्यात कमी रक्त बाहेर पडते आणि ती उणीव हृदय अधिक ठोक्यांनी भरून काढते. उन्हात आणि निर्जल उपवासात ही वाढ लवकर होते. हा बदल स्वाभाविक असला तरी थांबण्याची सूचना देणारा आहे.

काही बदल मात्र निराळे असतात. नाडी क्षणार्धात ११० वरून १८० वर जाणे व तशीच एकाएकी उतरणे, हा हृदयाच्या विद्युत्प्रवाहातील दोष असू शकतो. ठोके सर्वस्वी अनियमित पडत असल्यास पक्षाघाताचा धोका संभवतो. उलट श्रम वाढूनही नाडी न वाढणे हा रक्तदाबावरील बीटा ब्लॉकर औषधांचा परिणाम असू शकतो. अशी औषधे परस्पर बंद करू नयेत. औषधाविना असे घडून धाप लागत असेल, तर तपासणी अगत्याची आहे.

श्रमानंतरची नाडीही बोलकी असते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, श्रम संपल्यावर पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरलेल्या रुग्णांत पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले होते.

मनगटी घड्याळ कधी पावलांचा तालच नाडी म्हणून मोजते. म्हणून शंका येताच थांबून अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवावीत आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. छातीत दडपण, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा विश्रांतीनंतरही न उतरणारी धडधड यांपैकी काहीही जाणवल्यास चढण तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी यात्रेपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व त्यांनी सांगितल्यास ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. यात्रेपूर्वी काही आठवडे रोज चालण्याचा सराव असावा.

अर्ध्या वाटेवर थांबल्यास संकल्प मोडेल, या संकोचाने अनेक ज्येष्ठ त्रास लपवतात. परंतु सोळाकारण भावनांतही तप शक्तीनुसारच सांगितले आहे. स्वतःच्या देहाला दिलेली अकारण पीडा अहिंसेच्या विचारात बसत नाही. डोलीत बसणे वा पायथ्याशी राहून भाववंदना करणे यात कोणतीही न्यूनता नाही. सोबतच्या तरुणांनीही ज्येष्ठांच्या पावलाने चालावे. तीही वैयावृत्त्यच होय.

जय जिनेंद्र!