मूठ कुणाच्या हाताची?

(छावणीतील अंगणवाडी सेविकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी एकीने विचारलेच, मोबाइलवर बोलायला बोलावले आणि ही बाई तलवारी घेऊन काय बसली? सांगते.

माझ्या लहानपणी सुगीच्या तोंडावर गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडायची. पुरुष बसून सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि उभी राहून घण मारायची ती बाई. आई विळा करून घ्यायला जायची तेव्हा मी सोबत असे. ती अर्धा घडलेला विळा न्याहाळून म्हणायची, "वाक जास्त झाला बाबा, मनगट भरून येतं." तो पुन्हा भट्टीत घालायचा, ती बाई पुन्हा घण उचलायची. आईचे समाधान झाल्यावरच विळ्याला पाणी पाजायचे. एकदा पाणी पाजले की वाक बदलणे अवघड, हे दोन्ही बाजूंना ठाऊक.

याच घिसाड्यांचे पूर्वज तलवारी घडवत, असे ते सांगतात. मला तलवारीचे कौतुक नाही. तिने काय केले ते बायकांना ठाऊक आहे. पण कारागिरी शिकण्यासारखी. मराठ्यांच्या पुष्कळ तलवारींची पाती युरोपातून आलेली, म्हणून त्यांना फिरंग म्हणत. मूठ मात्र इथली. आपल्याकडच्या तलवारीची मूठ आखूड, तिच्या टोकाला तबकडी. पंजा त्यात घट्ट बसतो, मनगट फार वाकत नाही, म्हणून वार ओढून कापणारा होतो. म्हणजे लढायचे कसे, हे निम्मे मूठच ठरवते. कॉम्प्युटरवाले ज्याला इंटरफेस म्हणतात तो हाच: पडद्यावरची बटणे, रकाने, सूचना. आतले यंत्र म्हणजे पाते. आपल्या हाती येते ती मूठ.

आणखी एक. निजामाच्या राज्यात, आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमला पोलाद बनत असे. हेन्री व्हॉयसीचा १८३२ साली छापलेला वृत्तांत आहे. त्यात इस्फहानचा एक व्यापारी पोलाद होताना स्वतः तिथे थांबून देखरेख करताना दिसतो. ज्याला माल न्यायचा तो भट्टीपाशी.

आता तुमचा मोबाइल काढा. पोषण ट्रॅकर १ मार्च २०२१ ला सुरू झाला. तो घडत असताना भट्टीपाशी कोण होते? पाणी पाजून झाल्यावर विळा तुमच्या हाती आला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी मोबाइल परत केले. अॅप इंग्रजीत आणि फोन कमी क्षमतेचे, ही तक्रार होती. वर्तमानपत्रांत तो "आंदोलनाचा पवित्रा" ठरला. मी म्हणते, ती मूठ हाताला बसत नसल्याची तक्रार होती, माझ्या आईने केली तशीच. रजिस्टरांचे ओझे कमी व्हावे हा हेतू वाईट नव्हता, हेही कबूल करते.

१ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी आईचा चेहरा मोबाइलने ओळखण्याची अट आली. त्याआधी आधारची पडताळणी, म्हणजे ओटीपी. तो आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. आता सांगा, घरात एकच फोन असेल तर तो कुणाच्या खिशात असतो? नवरा कामावर, नाहीतर ऊसतोडीला. गरोदर बाई दारात उभी, आकडा शंभर मैलांवर. ओटीपीचा तो रकाना तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणते घर होते?

घण मारणाऱ्या बाईला कुणी लोहार म्हटले नाही. ती कारागिराची बायको. तुम्हालाही पगार नाही, मानधन. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ ला ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, त्यालाही लढावे लागले. कामाला काम म्हटले जात नाही तिथे ते करणारीला अवजार कसे हवे, हे कोण विचारणार?

म्हणून आज एक काम सोपवते. आपापल्या अंगणवाडीतल्या किती आयांचा नंबर स्वतःचा आहे, कितींचा नवऱ्याचा, कितींचा सासऱ्याचा किंवा बंद पडलेला, हे वहीत लिहा. कोणत्या पडद्यावर अडकता, तेही लिहा. तुमच्याच शब्दांत, "इथं चाक नुसतं फिरत राहतं" असे चालेल. पुढच्या महिन्यात वह्या घेऊन पुन्हा इथेच जमू, आणि मग निवेदनाचा मसुदा तुम्हीच करायचा.