वर्गातील टॅब आणि आपला विद्यार्थी-निधी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, एव्हरशाईन सिटी येथे झालेले भाषण)



विद्यार्थी-निधीतून यंदा वह्या-पुस्तकांऐवजी प्रत्येक मुलास एकेक टॅब द्यावा, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. तीविषयी मत मांडण्याची आज्ञा झाल्यावरून आम्ही उभे आहोत. सूचना सद्हेतूची आहे यात संशय नाही. परंतु ती जशीच्या तशी स्वीकारावी, असे आम्हांस वाटत नाही.

यंत्राचा आम्ही द्वेष करीत नाही. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी आडगावातील मुलांच्या हाती टॅब दिले, आणि ती शाळा महाराष्ट्रभर नावाजली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. मुलांची घरची भाषा कानडी. म्हणून गुरुजींनी पाठ त्या भाषेत आणले आणि पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटविले. कोडावर यंत्र धरावे, की कविता ऐकू येई, धडा डोळ्यांपुढे उभा राही. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, व त्या दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली! या दोन्ही ठिकाणी यंत्राच्या आधी शिक्षक आहे, हे मात्र विसरता कामा नये.

आता आपल्या वसाहतीकडे पाहू. आईवडील सकाळची लोकल गाठण्यास घर सोडतात, ते दिवेलागणीनंतर परततात. तोवर टॅब व मूल एकटे. ज्या पडद्यावर अपूर्णांकाचा पाठ, त्याच पडद्यावर खेळ! शिवाय चार पर्यायांपैकी तिसऱ्या खेपेस अचूक उत्तरावर बोट पडले, की ॲप शाबासकी देते. छेद समान का करावयाचा, हे मुलास कळलेलेच नसते. वहीतील खोडलेले गणित पाहून चूक कोठे झाली हे शिक्षक क्षणात ओळखतो. स्वीडनसारख्या सधन देशानेही २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा निधी दिला, तो उगाच नव्हे.

म्हणून आमची विनंती अशी. टॅब मोजकेच घ्यावेत व ते मंडळाच्या सायंकाळच्या अभ्यासवर्गात ठेवावेत. तीन मुलांत एक पुरे, कारण त्यामुळे मुले आपसांत बोलतात. दीक्षा ॲपवरील पाठ आधीच उतरवून ठेवले, तर इंटरनेटवाचूनही चालतात. ‘किशोर’चे जुने अंकही बालभारतीने संगणकावर खुले केले आहेत, तेही मुलांना दाखवावेत. वर्ग घेणाऱ्यांस आधी पंधरा दिवस हे सर्व हाताळू द्यावे. दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूस ठेवून उरलेल्या निधीतून वह्या-पुस्तके पूर्वीप्रमाणेच वाटावीत.

टॅबांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहावी, हे महिला शाखेने ठरवावे. वर्गाची वेळ त्याच सांभाळतात.