पंख कोठे तुटला?



फ्रेंचमधील ग्रीक घराण्याचे लांबलचक शब्द प्रथम पाहिले तेव्हा आमची छातीच दडपली. ‘ओतोरिनोलारँगोलोजिस्त’! ओतो म्हणजे कान, रिनो नाक, लारँगो कंठ, पुढे ‘जाणकार’. उच्चारात नऊ तुकडे पडतात खरे. पण अर्थाचा सांधा आणि जिभेचा विसावा येथे एकाच जागी येतात, म्हणून शब्द दिसतो तितका अवघड नाही.

घोटाळा आहे तो ‘एलिकॉप्तेर’मध्ये. पोंतों दामेकूर या गृहस्थांनी १८६१ साली तो घडविला. ग्रीक ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्र, ‘प्तेरोन’ म्हणजे पंख. (पंख याच अर्थाचा संस्कृत ‘पत्र’ त्याचा भाऊबंद.) परंतु शब्दाच्या पोटातले ‘प्त’ फ्रेंच जीभ फोडते: ए-लि-कॉप्-तेर. पंखाचा ‘प’ मळसूत्राला जाऊन चिकटला आणि सांधा दिसेनासा झाला! मग लोकांनी ‘एलि’ एवढाच तुकडा स्वतंत्र मानून हेलिकॉप्टरच्या तळाला ‘एलिपोर’ म्हटले. इंग्रजीतील ‘हेलिपॅड’ त्याच जातीचा. तो तर आपल्या मराठी वृत्तपत्रांतही उतरला आहे. मळसूत्राचा ‘को’ कोठे गेला, हे कोणीच विचारीत नाही.

परप्रांतात वाढणारी आमची मुले ‘विद्यार्थी’ अचूक म्हणतात: विद्-यार्-थी. त्यात ‘अर्थी’ कोठे आहे, असे विचारले की गप्प बसतात. म्हणून रविवारच्या वर्गात असा शब्द आम्ही फळ्यावर दोनदा लिहितो, एकदा जिभेप्रमाणे तोडून आणि एकदा अर्थाप्रमाणे.